डागाभोवतीचा धावदोरा

आजीच्या गोधडीची खालची बाजू आजोबांच्या जुन्या धोतराची आहे. कापड पांढरं, त्यामुळे ५० वर्षांतले सगळे डाग तिथे उघडे पडलेत. ते घालवायचं सोडून मी गेल्या हिवाळ्यापासून प्रत्येक डागाच्या कडेने धावदोरा घालते आहे. टाका घालताना डाग इतका जवळून पाहावा लागतो, की तो पडला कसा हे समजून घ्यावंसं वाटतंच.

चहाचा डाग मध्ये फिका, कडेला गडद. सांडलेला चहा सुतातल्या बारीक फटींतून पसरतो, वातीत तेल चढावं तसा. कडेचं पाणी लवकर उडून जातं, त्याच्या जागी मधलं पाणी ओढलं जातं आणि येताना रंग घेऊन येतं. टेबलावर वाळलेल्या कॉफीच्या थेंबाला गडद कडं का येतं, याचं शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली दिलेलं उत्तरही असंच आहे. कापडावर मात्र रंग उभ्या-आडव्या धाग्यांच्या वाटेने जातो, म्हणून किनार दातेरी होते. ते दाते दोऱ्याने गाठताना माझा सगळ्यात जास्त वेळ जातो.

मला खरा लळा लागलाय तो हळदीच्या डागांचा. हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, करक्यूमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून फोडणी सांडली की रंग तेलाबरोबर सुतात मुरतो. साबण लावला की पिवळ्याचा लालसर होतो. साबण अल्कधर्मी असतो; त्याच्या सहवासात करक्यूमिनचा रेणू प्रोटॉन सोडतो आणि प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो. लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यामागेही हेच रसायन. पण करक्यूमिन उन्हात टिकत नाही, प्रकाशाने त्याचा रेणू तुटतो. एका डागाभोवती पिवळे टाके घालून गोधडी उन्हात टाकली होती. आता तिथे नुसती किनार उरली आहे, आत पांढरं धोतर.

ट्रंकेच्या गंजाचे डाग सांभाळून हाताळावे लागतात. लोखंडामुळे ऑक्सिजनचा सुतातल्या सेल्युलोजवरचा हल्ला वेगाने होतो, त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, कापड ठिसूळ होतं. कलमकारीतला, म्हणजे कापडावर कलमाने काढलेल्या चित्रांतला, काळा रंग हिरड्यातलं तुरट द्रव्य टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगातून येतो, आणि जुन्या कलमकारीत बऱ्याचदा काळ्या रेघाच आधी विरतात. म्हणून गंजाच्या डागात मी सुई घालतच नाही, बाहेरच्या धडक्या कापडात टाके घेते.

एका कोपऱ्यात दोन रेघा आणि एक ठिपका आहे. ही धोब्याची खूण, बिब्ब्याच्या रसाची. कातडीवर फोड आणणाऱ्या या रसातले फेनॉल-वर्गातले रेणू हवेतल्या ऑक्सिजनमुळे एकमेकांना जोडले जातात आणि पाण्यात न विरघळणारा काळा थर बनतो. वरून चुना लावला की तो पक्का बसतो. इंग्रजीत बिब्ब्याचं नावच मुळी ‘मार्किंग नट’. या खुणेभोवती काळ्या दोऱ्याने दोनदा टाके घातले, दोनदा उसवले. नवा कोरा दोरा तिच्याशेजारी करडा दिसत होता.