टाकी आज न्या, मासे महिन्यानं
आफ्रिकन सिक्लिड पहिल्यांदाच पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

नमस्कार. आफ्रिकन सिक्लिड, म्हणजे आफ्रिकेतल्या गोड्या पाण्यातले हे मासे. त्यांच्यासाठी टाकी घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आम्ही हे पत्रक देतो. टाकी टेम्पोत चढायच्या आधी ते वाचा, अशी विनंती आहे. घरातलं जे कोणी रोज माशांना खाऊ घालणार असेल, त्यालाही वाचायला द्या.

दुकान सुरू केलं त्या वर्षी एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाचा वाढदिवस होता. "मासं आजच द्या की, पोरगं सकाळधरनं वाट बघतंय." आम्ही चार फुटी टाकी, दगड, फिल्टर आणि पंधरा मासे एकाच खेपेला पाठवून दिले. सहाव्या दिवशी फोन आला, की मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताहेत. दहाव्या दिवशी तीन उरले होते. मासे निरोगी होते, टाकी चांगली होती, त्या घरानं काही चुकीचं केलं नव्हतं. चूक आमची होती. तेव्हापासून टाकी आणि मासे आम्ही एका दिवशी विकत नाही.

असं का होतं?

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो, आणि तो विषारी असतो. फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू जिवाणूंची वस्ती वाढते. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असेल तर मासे सोसतात, आणि आठवड्याला पाणी बदललं की ते निघून जातं. नव्या टाकीत ही वस्तीच नसते. ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

सगळ्याच माशांना हे लागू आहे, पण आफ्रिकन सिक्लिडच्या बाबतीत दुप्पट जपावं लागतं. या माशांना अल्कधर्मी पाणी लागतं, म्हणजे पीएच ७.८ ते ८.४. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप जास्त घातक. २५ अंश तापमानात, पीएच ७ असेल तर घातक रूपाचा वाटा शंभरात एकसुद्धा भरत नाही. पीएच ८.२ ला तोच वाटा शंभरात आठच्या आसपास जातो. अमोनिया तेवढाच, विष मात्र दहापटीहून जास्त. गप्पी ज्या नव्या टाकीत कसाबसा तग धरेल, तिथं येलो लॅबसारखा आफ्रिकन सिक्लिड मरतो.

म्हणून टाकी भरा, फिल्टर चालू करा आणि मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजतं, अमोनिया तयार होतो, जिवाणूंना खायला मिळतं. आमच्या चालू टाकीतल्या मुरलेल्या स्पंजचा तुकडा आम्ही प्रत्येक ग्राहकाला मोफत देतो. त्यानं वेळ बराच वाचतो. तो ओलाच न्यायचा आणि घरी पोचल्याबरोबर फिल्टरमध्ये ठेवायचा. विरजण लावण्यासारखंच आहे हे. आठवड्यातून एकदा बाटलीभर पाणी दुकानात आणा, आम्ही तपासून देतो. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आलं की मासे तुमचे.

टाकी आणि दगड

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण २५० लिटरची टाकी घ्या. त्याहून लहान टाकीत हे मासे आम्ही देत नाही, कारण पळायला जागा नसली की दबलेला मासा मार खाऊनच मरतो. पाणी, काच, दगड धरून वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं. पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी तुळयांच्या माडीवर ही टाकी ठेवू नका. तळमजल्यावर, भिंतीला लागून, उन्हापासून लांब ठेवा. लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या आणि काचेखाली थर्माकोल घाला. आधी नुसतं पाणी भरून दोन दिवस ठेवा, गळती असेल तर तेव्हाच कळते.

आता दगड. यात आपण नशीबवान आहोत. मलावी सरोवरातल्या ज्या माशांपासून बहुतेकांची सुरुवात होते, त्यांना तिथले लोक 'म्बुना' म्हणतात, म्हणजे खडकात राहणारे. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांना लागून असलेलं हे सरोवर इतकं लांब आहे, की कोल्हापूरहून बेंगळुरूला जायला जेवढा रस्ता कापावा लागतो, जवळजवळ तेवढं. तिथं शेकडो जातींचे सिक्लिड आहेत आणि त्यातले बहुतेक जगात दुसरीकडे कुठंही सापडत नाहीत. म्बुना काठच्या खडकांच्या फटींत राहतात, तिथंच भांडतात, तिथंच पिल्लं वाढवतात. तेव्हा टाकीत शोभेपुरते दोन दगड ठेवून भागत नाही, कपारी कराव्या लागतात.

आमचा आवडता दगड म्हणजे शहाबादी फरशीचे तुटके तुकडे. फरशीवाल्याकडं ते सहज मिळतात. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. त्यावर लिंबाचे चार थेंब पिळा आणि जवळून बघा, बारीक बुडबुडे येतात. हाच चुना पाण्यात अगदी सावकाश उतरतो आणि पीएच खाली घसरू देत नाही. सपाट असल्यानं एकावर एक आडवेतिडवे रचता येतात आणि मध्ये छान बिळं होतात. धारदार कडा घासून बोथट करा. पॉलिश केलेली किंवा सिमेंट-रंग लागलेली फरशी नको. आपला काळा दगडही चालतो, त्यानं पाणी बदलत नाही, पण मासे त्यावर उठून दिसतात. समुद्री लाकूड, ओंडके मात्र घालू नका. त्यानं पाणी आम्लधर्मी होत जातं.

रचताना एक गोष्ट विसरू नका. तळाला थर्माकोलचा पातळ थर, त्यावर दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी. हे मासे तोंडानं वाळू उपसतात. वाळूवर रचलेला ढिगारा आठवड्याभरात कलतो आणि काचेवर कोसळतो.

पाणी

"आम्ही आरओचंच पाणी घालतो" असं ग्राहक कौतुकानं सांगतात. या माशांना ते नको. आरओ जे क्षार काढून टाकतं, त्याच क्षारांवर हे मासे जगतात. महापालिकेचं नळाचं पाणी चालतं, बोअरचंही चालतं, पण दोन्हींत फरक असतो आणि एका कॉलनीतली बोअर दुसऱ्या कॉलनीसारखी नसते. म्हणून टाकी भरायच्या आधी तुमच्या घरचं पाणी आम्हाला आणून दाखवा. गरज असेल तर खायचा सोडा किती घालायचा ते मोजून सांगू. अंदाजानं घालू नका. पीएच ८ वर स्थिर राहिलेला बरा, आज ७.६ आणि उद्या ८.६ असा हेलकावा वाईट.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. अँटीक्लोरीन घाला, किंवा पाणी पिंपात उघडं ठेवून चोवीस तास एअर पंप सोडा. आठवड्याला ३० टक्के पाणी सायफननं तळातून काढा. त्या वेळी हीटर बंद ठेवायचा. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, काढलेल्या टाकीच्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतला की महिनाभर जमवलेली वस्ती एका मिनिटात जाते.

तापमान २४ ते २७ अंश. थंडीतल्या रात्रींसाठी ३०० वॅटचा हीटर पुरतो. एप्रिल-मे मध्ये पाण्यावर छोटा पंखा सोडा. फिल्टर ताशी १५०० लिटर फिरवणारा हवा.

वीज गेली तर एअर पंप इन्व्हर्टरवर ठेवा. फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर आतलं पाणी फेकून, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळूनच चालू करा, कारण हवेविना आतले जिवाणू मरून सडतात.

आणि पावसाळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. माणसांना टँकरची वाट बघावी लागत होती, तिथं टाकीला पाणी कुठलं? तेव्हा ज्यांनी खाद्य निम्म्यावर आणलं आणि पाण्याला हात लावला नाही, त्यांचे मासे टिकले. जून संपायच्या आत एक दोनशे लिटरचं पिंप भरून ठेवा. नळ पुन्हा सुरू झाल्यावर पहिले काही दिवस पाणी गढूळ असतं आणि क्लोरीनचा वास उग्र येतो. ते टाकीत घालू नका, थांबा.

कुठले मासे?

पहिल्या टाकीसाठी येलो लॅब आणि रस्टी. दोन्ही त्यातल्या त्यात शांत आहेत. चार फुटीत बारा ते पंधरा मासे, एका नराला तीन-चार माद्या. म्बुना थोडे दाटीनं ठेवले तर एकाच माशावर सगळा राग निघत नाही, पण त्यासाठी फिल्टर दणकट पाहिजे. ऑराटस आणि केनई पिल्लं असताना सगळ्यात देखणे दिसतात आणि मोठे झाले की टाकी ताब्यात घेतात. नवख्याला आम्ही ते देत नाही. पीकॉक हवे असतील तर त्यांची टाकी वेगळी करू. टांगानिका सरोवराचा फ्रंटोसा फूटभर वाढतो, त्याला ही टाकी पुरत नाही.

'मिक्स आफ्रिकन' म्हणून पिशवीभर स्वस्त पिल्लं मिळतात. त्यात नर किती, संकर किती, कोण किती भांडेल, काहीच सांगता येत नाही. काही ठिकाणी पिल्लांना हार्मोन देऊन रंग चढवलेला असतो, तो काही महिन्यांत उतरतो. एंजल, ऑस्कर हेही सिक्लिडच, पण अमेरिका खंडातले. त्यांचं पाणी वेगळं, त्यांना यांच्यात घालू नका. गोल्डफिश तर नकोच.

खाणं

रंकाळ्यावर चुरमुरे टाकायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. घरच्या टाकीत ती मोडावी लागते. बहुतेक म्बुना सरोवरात दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. त्यांचं आतडं लांब असतं आणि पालापाचोळा पचवायला बनलेलं असतं. ट्युबिफेक्सचे किडे, मांसाचे तुकडे किंवा जास्त खाद्य पडलं की पोट फुगतं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबते, मासा खाणं सोडून कोपऱ्यात थांबतो. अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी खाद्य बंद करा आणि आम्हाला फोन करा. दोन दिवसांनी केलेला फोन बहुतेक वेळा उशिराचा ठरतो.

स्पिरुलिना नावाचं शेवाळ असलेलं वनस्पतीजन्य दाणेदार खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. कधी उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान, कधी काकडीची चकती. आठवड्यातून एक दिवस उपास. मासे काचेपाशी येऊन कितीही मागोत, त्या दिवशी द्यायचं नाही.

पिल्लं

नदीवर गळ टाकून बसणाऱ्याला चिलापी ठाऊक असतो. तोसुद्धा आफ्रिकन सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि इथल्या पाण्याचाच होऊन राहिला. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, तुमचे येलो लॅबही तेच करतील.

हे बघायला मिळालं तर टाकीपासून हलू नका. नर सपाट दगडावर अंग थरथरवत मादीला बोलावतो. दोघं एकमेकांच्या शेपटीशी तोंड नेऊन गोल फिरतात. मादी एक-दोन अंडी टाकते आणि लगेच वळून तोंडात घेते. नराच्या गुदपरावर पिवळसर गोल ठिपके असतात, हुबेहूब अंड्यांसारखे. मादी तेही टिपायला जाते, तेव्हा नराचं वीर्य तिच्या तोंडात जातं आणि अंडी तिथंच फळतात.

पुढचे तीन आठवडे तिचा जबडा खाली फुगलेला दिसेल, मध्येच काही चघळल्यासारखी ती अंडी फिरवत राहील. ती खात नाही. घाबरून खाद्याचा मारा करू नका, जाळी घेऊन मागं लागू नका, घाबरली तर अंडी थुंकून टाकते. दुसऱ्या टाकीत हलवायची असेल तर अठराव्या दिवसाच्या सुमारास, रात्री दिवे बंद करून हलवा. हलवली नाही तरी कपारी भरपूर असतील तर चार-दोन पिल्लं वाचतातच. एका सकाळी शहाबादीच्या फटीतून नखाएवढं पिवळं पिल्लू डोकावेल. त्याला खाद्य बोटांत चुरून पीठ करून द्या.

पाणी तपासायला आणताना बाटली साबणानं धुतलेली नको. टाकीच्या पाण्यातच दोनदा विसळा, काठोकाठ भरा, आणि त्याच दिवशी आणा.