देवघेवीच्या खिडकीवरचं मत

मराठी कादंबरीबद्दल साध्या वाचकानं लिहून ठेवलेलं आणि आजही वाचायला मिळणारं एक जुनं मत बुलढाण्याचं आहे, साल १८८२. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ त्या वर्षी पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००. आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला झाला होता आणि त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीलाच बोल लावले जात होते. त्या संतापातून हे पुस्तक जन्मलं. पण लिहिता लिहिता ताराबाई त्या काळी गाजत असलेल्या पुस्तकांकडे वळतात. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’, ‘मनोरमा’ नाटक अशी नावं घेऊन त्यातल्या बायकांना त्या प्रत्यक्षातल्या बायकांशेजारी उभं करतात, आणि सगळं कपट, सगळा दोष बायकांच्याच माथी का, असा जाब लेखकांना विचारतात.

मला हा क्षण फार मोलाचा वाटतो. ताराबाई पंडित नव्हत्या, संपादक नव्हत्या. मुलींसाठी शाळाच जेमतेम होत्या अशा काळात त्या घरी शिकल्या. त्यांनी पुस्तक रसांच्या आणि अलंकारांच्या कसोटीवर घासलं नाही, आपल्या भोवतालावर घासलं.

त्यांच्यासमोर असलेली मराठी कादंबरी तेव्हा वयानं लहानच होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, आणि नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. रिसबुडांनी प्रस्तावनेत एक अडचण मांडली आहे. आपल्याकडच्या लग्नाच्या चालीमुळे आणि इतर कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात चित्तवेधक असं काही घडतच नाही, रोजचं लिहावं तर ते मनोरंजक होणार नाही, म्हणून अद्भुताची कास धरावी लागते, असा त्यांचा सूर आहे. म्हणजे लेखक म्हणत होता, तुमच्या जगण्यात लिहिण्याजोगं काही नाही. १४ वर्षांनी त्याच जगण्यातून एक बाई उठली आणि तुम्ही लिहिलेल्यात आमचं जगणं नाही, असं तिनं सुनावलं. ताराबाईंनी ती प्रस्तावना वाचली असेल-नसेल, उत्तर मात्र नेमकं त्याच प्रश्नाला पडलं आहे.

तीन वर्षांनी, १८८५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेला येण्यास नकार देत पाठवलेलं पत्र ‘ज्ञानोदया’त छापून आलं. त्यात त्यांनी त्या ग्रंथकारांना उद्देशून वापरलेल्या ‘घालमोड्या दादां’ची आठवण अजून निघते. पण पत्राचा गाभा पुस्तकांविषयीच आहे: तुमच्या पुस्तकांतल्या भावार्थाशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही. त्याच वर्षीच्या ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत त्यांनी ताराबाईंची बाजूही घेतली. जो पुस्तकात स्वतःला शोधतो आणि सापडत नाही, त्याचं मत पुस्तकावरचं मत म्हणून धरायचं की नाही, हा वाद तिथे सुरू झाला असं मी मानते.

तोवर पुस्तकं वाचकाच्या हाती पोचण्याची सोय होऊ लागली होती. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नाशिकचं १८४० चं. पुण्यातली नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ मध्ये उभी राहिली, त्यात लोकहितवादींचा पुढाकार होता. तिचंच पुढे नगर वाचन मंदिर झालं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबईचं १८९८ चं. मराठी पुस्तकांसाठीच वेगळं ग्रंथालय हवं, ही या दोन संस्थांमागची कल्पना आज साधी वाटते, तेव्हा ती मोठी होती.

त्याआधी पुस्तक ऐकलं जाई. चातुर्मासात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांची पोथी लागली की एक वाचणार, बाकीचे ऐकणार. ऐकणाऱ्याचं मत तिथेच ओट्यावर व्यक्त व्हायचं, कुणी डोळे पुसायचं, कुणी ‘पुन्हा वाचा’ म्हणायचं. वर्गणी भरून पुस्तक घरी नेता येऊ लागलं तसं वाचणं एकट्याचं झालं आणि मत बोलायची जागा ओट्यावरून देवघेवीच्या खिडकीवर आली. ‘हे नको, ह्यांचं दुसरं काही आहे का?’ ‘ते बाहेर आहे, नंबर लावून ठेवू?’ मराठी वाचकाची समीक्षा दीडशे वर्षं मुख्यतः या दोन वाक्यांत होत आली आहे.

हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः येऊ लागली. एका यमूची गोष्ट, तिच्याच तोंडून, अगदी रोजच्या घरातली. रिसबुडांच्या अडचणीला कादंबरीकाराकडून मिळालेलं हे उत्तर म्हणता येईल. हप्त्याहप्त्यानं येणारी कादंबरी संपायच्या आत लोक तिच्यावर बोलतात, पुढच्या अंकाची वाट बघत बोलतात. पुस्तकाच्या रूपात ही गंमत राहत नाही.

विसाव्या शतकात वाचक आणि समीक्षक यांच्या वाटा दुभंगल्या. दोन उदाहरणं पुरतील. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, पुस्तक १९३५ मध्ये निघालं. भाबडं, रडवं असे आक्षेप तिच्यावर पुष्कळदा आले, आणि ज्या आयांनी ती वाचली त्यांनी ती मुलांच्या हातात दिली; ती मुलं मोठी झाली तेव्हा त्यांनीही तेच केलं. दुसरं उदाहरण बाबूराव अर्नाळकरांचं. हजारावर रहस्यकथा, त्यांत झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू हे नायक. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना मिळालेली जागा तुटपुंजी आहे. पण ज्यांना शाळेनं वाचनाची गोडी लावली नाही अशा असंख्य लोकांना ती अर्नाळकरांनी लावली, हे त्या पिढीतला कोणीही सांगेल. झिजलेली, पानं सुटलेली, दोऱ्यानं पुन्हा शिवलेली प्रत हाही वाचकाचा अभिप्रायच आहे, आणि तो वाचायला इतिहासकारांनी शिकायला हवं.

केशवराव कोठावळ्यांनी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक सुरू केलं, तेव्हा पुस्तकांविषयीच्या बातम्या आणि गप्पा यांना हक्काचं घर मिळालं. त्यातली ‘चोखंदळ वाचकांची निवड’ पुस्तकाच्या पाठीवर मिरवावी इतकी मानाची ठरली. वाचकाच्या निवडीला असा मान मिळाला याचा मला आनंद आहे; ‘चोखंदळ’ या शब्दात बाकीचे वाचक दाराबाहेर राहतात, हे मात्र खटकतं. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळू लागलं आणि दाराबाहेरच्यांची संख्या थोडी कमी झाली.

याच सुमाराला ‘स्वामी’ (१९६२), ‘कोसला’ (१९६३) आणि ‘मृत्युंजय’ (१९६७) ही तीन पुस्तकं पाच वर्षांच्या आत आली. एकाच घरात आजोबा ‘स्वामी’ला, आई ‘मृत्युंजय’ला आणि कॉलेजातला मुलगा ‘कोसला’ला डोक्यावर घेतो आहे, जेवताना त्यावरून कडाक्याचं भांडण होतं आहे, अशी घरं मी पाहिली आहेत. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन आलं. कित्येकांना त्यात स्वतःचं जगणं पहिल्यांदा छापलेलं दिसलं, आणि फुल्यांच्या पत्रातला प्रश्न पुन्हा ताजा झाला.

ताराबाईंचं पुढे काय झालं? ‘स्त्रीपुरुष तुलना’वर टीका झाली, त्यानंतरचं त्यांचं पुस्तक आपल्याला मिळत नाही, आणि त्या ५०० प्रतीही विस्मरणात गेल्या. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुस्तक पुन्हा प्रकाशात आणलं, तब्बल ९३ वर्षांनी. माझ्या हाती आलेली प्रत ग्रंथालयाची होती, शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी भरून गेलेली. ‘मंजुघोषा’ हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते त्याच पुस्तकात.