उष्णोपचारित पोलादी रूळ

उष्णोपचारित रूळ : लाल तापलेल्या रुळाचा माथा हवेच्या झोताने, पाण्याच्या तुषारांनी किंवा द्रावणात बुडवून ठरावीक वेगाने थंड केलेला, नेहमीच्या रुळाहून कठीण असा रूळ. भारतीय रेल्वेत आणि मेट्रोत त्याला ‘हेड हार्डन्ड’ किंवा नुसते ‘एचएच’ म्हणतात. चाक जिथून धावते तो माथा, मधली कंबर आणि स्लीपरवर टेकणारा पाय असे रुळाचे तीन भाग. त्यांपैकी कठीण करायचा असतो तो प्रामुख्याने माथा. घाटातली वळणे, जड मालवाहतुकीचे मार्ग आणि मेट्रोची आखूड त्रिज्येची वळणे या अशा रुळांच्या खास जागा.

लोहार कोयत्याला पाणी देतो तसेच रुळाला पाणी दिले, असे या प्रक्रियेचे वर्णन अनेकदा केले जाते. ते दिशाभूल करणारे आहे. तापलेले पाते पाण्यात बुडवले की पोलादात मार्टेन्साइट ही अतिकठीण पण ठिसूळ रचना तयार होते. मग लोहार पाते पुन्हा थोडे तापवून तो ठिसूळपणा उतरवतो. रुळाच्या माथ्यात मार्टेन्साइट आढळले तर तो गुण नसून दोष मानतात आणि तो रूळ नाकारतात. रूळ थंड करताना सारी कसरत चालते ती ही रचना तयार होऊ न देता तिच्या जवळपास जाण्याची.

रचना : रुळाच्या पोलादात कार्बन सुमारे ०.६ ते ०.८ टक्के आणि मँगॅनीज एक टक्क्याच्या आसपास असते. सिलिकॉन थोडे. बाकी लोखंड. हे पोलाद सुमारे ७२५ अंश सेल्सिअसच्या वर ऑस्टेनाइट या एकजिनसी अवस्थेत असते. खाली येताना त्यातला कार्बन वेगळा होतो आणि मऊ फेराइट व कठीण सिमेंटाइट यांचे एकाआड एक पदर बसत जातात. या पदरी रचनेला पर्लाइट म्हणतात. शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६० च्या दशकात घासून चकचकीत केलेले पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पुढे या घटकाचे वर्णन त्यांनी मोत्यासारख्या झळाळीचा असे केले, त्यावरून हे नाव पडले.

उष्णोपचाराचे मर्म या पदरांच्या जाडीत आहे. चिरोट्याची कणीक तीच, पण लाटणारा हात बारीक असेल तर पदर जास्त सुटतात. तसेच काहीसे इथे घडते. रूळ उघड्यावर आपोआप निवला तर दोन पदरांतले अंतर एका मिलिमीटरच्या काही दशसहस्रांशांइतके राहते. माथा सेकंदाला काही अंश या वेगाने थंड केला, तर पर्लाइट ५५० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात तयार होतो आणि हे अंतर निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. पदर जितके बारीक तितके पोलादाच्या आतले सरकणे अवघड, म्हणून ताकद वाढते. रासायनिक घटक मात्र जवळपास तेच राहतात. क्रोमियमसारखे महाग धातू न घालता कठिनता मिळते आणि वेल्डिंगही फारसे अवघड होत नाही. उष्णोपचाराने मिश्रधातूच्या रुळांना बऱ्याच ठिकाणी मागे टाकले ते यामुळेच.

पद्धती : पूर्वी तयार, थंड रूळ विद्युत्-प्रवर्तनाने पुन्हा तापवून मग थंड करत. आता लाटण यंत्रातून बाहेर पडणाऱ्या रुळाचीच उष्णता वापरतात. त्यामुळे इंधन वाचते आणि कठीण थर खोलवर जातो. काही कारखाने दाबाखालच्या हवेचे झोत सोडतात, काही पाणी आणि हवा मिसळून फवारतात. ऑस्ट्रियातील डोनाविट्झच्या कारखान्यात माथा पॉलिमरच्या द्रावणात बुडवतात. सोव्हिएत संघात वेगळी वाट होती : अख्खा रूळ तेलात बुडवून नंतर पुन्हा तापवायचा. त्यामुळे माथ्याबरोबर पायही कठीण होई.

वर्णन सोपे वाटले तरी यात दोन अडचणी असतात. ऑस्टेनाइटचे पर्लाइट होताना पोलाद स्वतःच उष्णता सोडते, त्यामुळे निवत असलेला माथा मध्येच पुन्हा तापू लागतो. नेमक्या त्या क्षणी झोत वाढवावा लागतो. दुसरे, फक्त माथा निववला तर शंभर मीटरहून लांब रूळ धनुष्यासारखा वाकतो. म्हणून पायावरही बेताने हवा सोडतात आणि शेवटी रूळ रोलरांमधून काढून सरळ करतात. सरळ करताना पायात ताण अडकून राहतो. युरोपीय मानकानुसार तो २५० मेगापास्कलपेक्षा (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिलिमीटरला एक न्यूटन बल) जास्त चालत नाही.

यांत्रिक गुणधर्म : युरोपातला नेहमीचा रूळ ‘आर-२६०’ आणि त्याचा उष्णोपचारित भाऊ ‘आर-३५०-एचटी’. नावातला आकडा ब्रिनेल कठिनतेचा, म्हणजे कठीण गोळी दाबून पडलेल्या खळग्यावरून मोजलेल्या कठिनतेचा आहे. पहिल्याची कठिनता २६० ते ३००, दुसऱ्याची ३५० ते ३९०. किमान ताणबल, म्हणजे तुटेपर्यंत सोसलेला सर्वाधिक ताण, ८८० मेगापास्कलवरून ११७५ वर जाते, तर तुटण्याआधीची लांबण १० टक्क्यांवरून ९ वर येते. भारतीय रेल्वेच्या मानकात नावे ताणबलावरून दिलेली होती : साधा रूळ ‘८८०’, माथा कठीण केलेला ‘१०८० एचएच’. जुने कर्मचारी ‘९० यूटीएस’ म्हणतात तो हाच ८८० चा रूळ; यूटीएस म्हणजे ताणबलच. तिथे आकडा किलोग्रॅम-बलाचा, दर चौरस मिलिमीटरला.

ताकद वाढली की चिवटपणा घटणार, हा पोलादाचा सर्वसाधारण नियम. इथे तो पूर्णपणे लागू होत नाही. युरोपीय मानकात तडा पसरू न देण्याच्या क्षमतेची किमान सरासरी ‘आर-२६०’ ला २९ मेगापास्कल-मूळमीटर (मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ) आहे. क्रोमियम घालून कठीण केलेल्या ‘आर-३२०-सीआर’ ला ती २६ पर्यंत खाली आणावी लागली. उष्णोपचारित रुळाला मात्र ३२ आहे. म्हणजे मिश्रधातूने आलेली कठिनता चिवटपणातून वसूल होते आणि बारीक पदरांनी आलेली तशी होत नाही. तरीही ३२ हा आकडा फार मोठा नाही. पुलासाठी वापरल्या जाणाऱ्या पोलादाशी तुलना केली, तर कोणताही पर्लाइटी रूळ तड्याच्या बाबतीत नाजूकच म्हणावा लागेल.

उष्णोपचाराने जे बदलत नाही तेही ध्यानात ठेवले पाहिजे. रुळाचा ताठपणा, म्हणजे स्थितिस्थापकता गुणांक, तोच राहतो : सुमारे २०७ गिगापास्कल. उष्णतेने होणारे प्रसरणही तेच. त्यामुळे रूळ कठीण असो की साधा, दोन्ही टोकांना जखडलेल्या लांब वेल्डेड रुळात तापमान एक अंशाने बदलले की दर चौरस मिलिमीटरला सुमारे २.४ न्यूटन बल निर्माण होते. ६० किलोच्या (म्हणजे दर मीटरला ६० किलो वजनाच्या) रुळाचे छेदक्षेत्र ७६.७ चौरस सेंटिमीटर. तापमान ३० अंशांनी उतरले तर एकेका रुळात सुमारे ५५ टनांची ओढ तयार होते. थंडीच्या पहाटे रूळ तुटतात ते या ओढीमुळे, आणि रूळ तपासत फिरणाऱ्या चावीवाल्याची गस्त त्या वेळी वाढवतात तीही याचमुळे.

झीज : चाक आणि रूळ एकमेकांना स्पर्श करतात ती जागा साधारण एका चौरस सेंटिमीटरची. २५ टन आसभाराच्या (दर आसावर येणाऱ्या वजनाच्या) मालगाडीत दर चाकाचे साडेबारा टन तेवढ्या जागेवर येतात, आणि तिथला दाब हजार मेगापास्कलच्या पुढे जातो. वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला चाकाची कडा घासते. साध्या रुळाचा माथा तिथे तासल्यासारखा कापला जातो. उष्णोपचारित रुळाची झीज अशा वळणावर साध्या रुळाच्या निम्म्या ते एक तृतीयांश असते. सरळ मार्गावर मात्र हा फायदा इतका ठळक नाही, म्हणून तिथे जादा पैसे मोजावेत का हा हिशेब प्रत्येक रेल्वे आपापल्या वाहतुकीनुसार करते. रुळाचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत. त्यावरून गेलेल्या एकूण वजनात, दशलक्ष टनांत मोजतात. त्याला ‘जीएमटी’ म्हणतात. भारतीय रेल्वेच्या नियमपुस्तिकेत ६० किलोच्या ९० यूटीएस रुळाला दीर्घकाळ ८०० जीएमटी आणि ५२ किलोच्या रुळाला ५२५ जीएमटी धरत. माथ्याची उभी झीज अनुक्रमे १३ आणि ८ मिलिमीटरपर्यंत चालते.

तडे : इथे कठिनतेचा उलटा पैलू दिसतो. चाकाच्या रेट्याने माथ्याच्या वरच्या त्वचेत पोलाद थोडे थोडे सरकत राहते आणि आतल्या कडेला केसासारख्या तिरप्या चिरा उमटतात. साधा रूळ वळणावर इतक्या वेगाने झिजतो की पुष्कळदा या चिरा वाढण्याआधीच झिजून जातात. कठीण रुळात चिरा उशिराच पडतात, पण पडलेली चीर झिजून जात नाही आणि आत उतरू लागते. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडात हॅटफील्डजवळ वळणावरचा रूळ अशाच चिरांनी पोखरला जाऊन गाडीखाली तीनशेहून जास्त तुकड्यांत फुटला. चार प्रवासी मरण पावले. त्यानंतर या चिरांकडे पाहण्याची जगभरातल्या रेल्वेंची नजर बदलली.

यावरचा उपाय म्हणजे मुद्दाम झीज करणे. सहाणेचे दगड लावलेली ग्राइंडिंग गाडी माथ्यावरून एक-दोन दशांश मिलिमीटर पोलाद काढते आणि कोवळ्या चिरा त्याबरोबर निघून जातात. भारतीय रेल्वेकडे ७२ दगडांच्या अशा गाड्या आहेत. कठीण रूळ बसवून ग्राइंडिंग टाळले तर झिजेवर वाचलेला पैसा तुटलेल्या रुळांवर खर्च होतो. चीर किती झपाट्याने वाढते आणि किती पोलाद घासायचे यांचा मेळ घालण्याच्या या विचाराला इंजिनिअर ‘मॅजिक वेअर रेट’ म्हणतात. यात जादू कसली, ती तर चोख देखभालच.

दुसऱ्या प्रकारचा तडा आतून येतो. वितळलेल्या पोलादात उरलेला हायड्रोजन रूळ निवताना आत चिरा पाडतो. २५ ऑगस्ट १९११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर येथे झालेल्या अपघातात २९ जण दगावले; तिथल्या तुटक्या रुळाच्या आत आडवे तडे सापडले होते. पुढे हे तडे हायड्रोजनमुळे पडतात हे कळले आणि रूळ खड्ड्यात हळूहळू निववण्याची पद्धत आली. आता पोलाद निर्वातात धुऊन घेतात. भारतीय मानकात हायड्रोजन दर दशलक्ष भागांत १.६ हून जास्त चालत नाही. ही शुद्धता नसती तर माथा झटकन थंड करणे धोक्याचे ठरले असते.

चाक घसरण्याने होणारी इजाही याच कुळातली. भोर घाटासारख्या १ः३७ च्या चढावर इंजिनाचे चाक जागीच फिरले तर माथ्याचा पातळ थर क्षणात तापून क्षणात निवतो आणि जे कारखान्यात टाळले तेच मार्टेन्साइट मार्गावर तयार होते. तो पांढुरका, काचेसारखा थर पुढे तडकतो.

सांधे : वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या दोन्ही बाजूंना बारीक पदर मोडतात. कोयता पुन्हा आगीत पडला की त्याचे पाणी उतरते, तसाच प्रकार. तिथे अरुंद मऊ पट्टा तयार होतो, चाकांनी दबतो आणि सांध्यावर खळगा पडतो. फ्लॅशबट वेल्डिंगमध्ये (विजेने टोके तापवून एकमेकांवर दाबण्याच्या पद्धतीत) हा पट्टा अरुंद असतो आणि सांधा हवेच्या झोताने निववून कठिनता बरीचशी परत आणता येते. थर्मिट वेल्डिंगमध्ये (रासायनिक मिश्रण पेटवून वितळलेले पोलाद सांध्यात ओतण्याच्या पद्धतीत) तो रुंद असतो, म्हणून रुळाच्या प्रतीला जुळणारेच मिश्रण वापरावे लागते.

गंजाला उष्णोपचार काहीच करत नाही. समुद्रकाठी, ओल्या बोगद्यात किंवा पाणी तुंबणाऱ्या यार्डात रूळ माथ्याने न संपता पायाने संपतो. रूळ जखडणाऱ्या क्लिपखालच्या लायनर या तुकड्याखाली पाय कुरतडला जातो. अशा जागी जस्ताचा लेप किंवा गंजरोधक पोलाद यांचा विचार करावा, माथ्याच्या कठिनतेचा नव्हे.

भारतात : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हाचे रूळ लोखंडी होते. पोलादी रूळ त्यानंतरचा : १८५७ मध्ये पोलादतज्ज्ञ रॉबर्ट मशेट यांच्या पोलादाचा रूळ इंग्लंडातील डर्बी स्थानकात टाकला गेला. तिथले लोखंडी रूळ सहा महिन्यांत बदलावे लागत; हा १८७३ पर्यंत टिकला. स्वतंत्र भारतात रूळ मुख्यतः भिलाईच्या पोलाद कारखान्यात लाटले गेले. तिथे आता १३० मीटर लांबीचे रूळ निघतात आणि ते जोडून २६० मीटरचे पट्टे पाठवले जातात. दिल्ली मेट्रोने सुरुवातीला माथा कठीण केलेले रूळ परदेशातून आणले. नंतर रायगढच्या खासगी कारखान्याने आणि भिलाईनेही ते देशात बनवायला घेतले.

ओळख : कठीण आणि साधा रूळ नजरेला सारखेच दिसतात. कंबरेवर लाटतानाच उमटवलेली अक्षरे आणि खुणा असतात. त्यांत रुळाचा आकार, प्रत, कारखाना आणि वर्ष असते. तुटलेल्या जागी तुकडा घालताना त्या वाचाव्या लागतात. कठीण रुळांच्या मध्ये साध्या रुळाचा तुकडा बसवला तर तो शेजाऱ्यांपेक्षा लवकर झिजतो आणि दोन्ही टोकांना पायरी तयार होते. चाक तिथे आदळू लागले की गाडी गेल्यावर गँगमनला त्याचा आवाजच वेगळा ऐकू येतो.