पार्सरला वजन कळत नाही

<वजन>५२</वजन>

ही ओळ एक्सएमएलच्या, म्हणजे खुणा लावून माहिती लिहिण्याच्या एका पद्धतीच्या, नियमांत चोख बसते. (टॅगचं, म्हणजे कोनी कंसांतल्या खुणेचं, नाव देवनागरीत चालतं, रोमन लिपीची सक्ती एक्सएमएलने कधीच केली नाही.) मजकुराची रचना उलगडणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, ती वाचून एवढंच सांगतो: 'वजन' नावाचा एक घटक आहे, त्याच्या पोटात दोन अक्षरं आहेत. ५२ किलो की ५२ ग्रॅम, माणसाचं की बोटीचं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. टॅगचं नाव 'कखग' असतं तरी त्याने ते तितक्याच निमूटपणे वाचलं असतं.

हे अज्ञान मुद्दाम राखलेलं आहे. एचटीएमएलमध्ये कोणता टॅग परिच्छेदाचा आणि कोणता चित्राचा हे आधीच ठरलेलं असतं. १९९८ साली आलेल्या एक्सएमएलने एकही टॅग ठरवून दिला नाही, फक्त लिहिण्याची शिस्त दिली: सगळ्यांना पोटात घेणारा मूळ घटक एकच, उघडलेला प्रत्येक टॅग बंद, आतला बाहेरच्याच्या आधी बंद, टॅगमध्येच लिहिलेल्या गुणधर्माची किंमत अवतरणचिन्हांत. यातलं काही चुकलं की पार्सरने तिथेच थांबायचं, अंदाजाने पुढे जायचं नाही. म्हणून तोच पार्सर संगीताची नोटेशन, एसव्हीजी चित्रं आणि वर्डची कागदपत्रं वाचू शकतो.

अर्थाची थोडी राखण स्कीमा, म्हणजे कोणत्या घटकात काय चालेल याची वेगळी नियमावली, करते. 'वजन ही दशांश संख्या, १ ते ५०० मधली' असं तिच्यात लिहिता येतं. पण मग वरची ओळ नापास होते! स्कीमाच्या दशांश प्रकाराला फक्त 0 ते 9 ही इंग्रजी अंक-चिन्हं चालतात, देवनागरी ५२ हा तिच्या लेखी निव्वळ मजकूर. अंक बदलून ती पास झाली, तरी एकक कुठे आहे? ते <वजन एकक="किग्रॅ"> असं सोबत लिहावं, आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने ते खरोखर तपासावं. दुसरी गोष्टच जास्त वेळा राहून जाते.

रचनेची चूक ओरडून सांगते, अर्थाची गप्प बसते. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ गमावलं, तेव्हा थ्रस्टरच्या, म्हणजे यानाच्या छोट्या इंजिनांच्या, आवेगाची फाइल व्यवस्थित वाचली जात होती. आकडे पाउंड-सेकंदांत होते, वाचणाऱ्या प्रोग्रामने न्यूटन-सेकंद धरले. फरक सुमारे ४.४५ पट.

जेसन या माहिती लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीत संख्या किती अंकांपर्यंत अचूक ठेवायची हे ठरलेलंच नाही. ९००७१९९२५४७४०९९३ हा क्रमांक संख्या म्हणून पाठवला तर जावास्क्रिप्टचा नेहमीचा पार्सर शेवटच्या ३ चा २ करतो. लांबलचक ओळख-क्रमांक अवतरणचिन्हांतच पाठवावेत. त्यांची बेरीज कुणी करणार नसतं.

याम्लने (ही अशीच तिसरी पद्धत) उलट टोक गाठलं होतं, अर्थ स्वतःच ओळखायचा. त्याच्या १.१ आवृत्तीत नॉर्वेचा देशसंकेत 'एनओ' अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर त्याचा इंग्रजी नकार होतो आणि देशांच्या यादीत नॉर्वेच्या जागी 'असत्य' येऊन बसतं.