डिजिटल धोरणावरील हरकती व सूचना (भारत)

दूरसंचार, डेटा संरक्षण, सरकारी ऑनलाइन सेवा अशा विषयांवरील धोरण, कायदा किंवा नियम पक्के करण्यापूर्वी मसुदा जाहीर करून नागरिक, कंपन्या व संस्था यांचे म्हणणे ठरावीक मुदतीत मागविण्याची पद्धत. ‘हरकती व सूचना’ हे शब्द मराठी वाचकाला शहराच्या विकास आराखड्यामुळे ओळखीचे असतात. तेच काम येथे देशाच्या पातळीवर आणि बहुतांशी संकेतस्थळावरून चालते.

या पद्धतीला एकसंध कायद्याचा आधार नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ मधील कलम २३ नुसार, मूळ कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धी’ची अट असेल तर नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करून आलेल्या हरकतींचा विचार करावा लागतो. विधेयकांसाठी केंद्राने २०१४ च्या आरंभी विधिपूर्व सल्लामसलतीचे धोरण आखले. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, सोप्या भाषेत टिपण जोडावे, आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर द्यावा, असे त्यात म्हटले आहे. मात्र ही कार्यकारी सूचना असून ती पाळली नाही म्हणून विधेयक बाद होत नाही. ‘धोरण’ नावाचा दस्तऐवज तर विधेयकही नसतो आणि नियमही नसतो. त्यामुळे त्यावर किती दिवस बोलू द्यायचे हे ते ते खातेच ठरवते. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय दूरसंचार धोरणाचा मसुदा आला तेव्हा ही मुदत २१ दिवसांची होती. मसुदे सहसा इंग्रजीत, फार तर जोडीला हिंदीत निघतात, ही अडचण वेगळीच.

यातली सर्वांत मुरलेली रीत भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची. १९९७ च्या ट्राय कायद्यातील कलम ११(४) पारदर्शकतेचे बंधन घालते. त्यामुळे ट्राय आधी प्रश्नांसह सल्लापत्र काढते, आलेली उत्तरे संकेतस्थळावर टाकते, त्या उत्तरांवर प्रत्युत्तरे मागवते, मग खुली चर्चा घेते आणि शेवटी कारणे देऊन निर्णय करते. कोणी काय मागितले आणि कोणाचे का मानले गेले, हे पुढे कोणालाही ताडून पाहता येते. ‘कॉल ड्रॉप’च्या (बोलता बोलता फोन तुटण्याच्या) भरपाईचा विनियम रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशी पद्धत इतर यंत्रणांनाही लागू करणारा कायदा संसदेने विचारात घ्यावा, असे सुचविले. तसा कायदा झालेला नाही.

या रीतीची खरी कसोटी २०१५ मध्ये लागली. मार्चच्या अखेरीस ट्रायने इंटरनेटवरील सेवांविषयी सल्लापत्र काढले आणि नेट समानतेच्या (इंटरनेटवरील सर्व मजकुराला व सेवांना सारखी वागणूक मिळावी या तत्त्वाच्या) बाजूने दहा लाखांहून अधिक ईमेल आले. एप्रिलमध्ये ट्रायने ते सर्व, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसह, जाहीर करून टाकले. उत्तरे उघडी ठेवण्याचा नियम अक्षरशः पाळला गेला. पत्ते झाकावेत एवढे साधे भान मात्र राहिले नाही. त्याच डिसेंबरमध्ये डेटाच्या वेगवेगळ्या दरांविषयी दुसरे सल्लापत्र आले. ‘फ्री बेसिक्स’च्या (निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या सेवेच्या) समर्थनार्थ आलेल्या एकसाची पत्रांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत, असे ट्रायने फेसबुकला कळविले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदात्मक दरांवर बंदी आली. पत्रांच्या ढिगापेक्षा मुद्द्यांना वजन मिळाल्याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

डेटा संरक्षण कायद्याची वाट याउलट उघडी सुरू झाली आणि पुढे मिटत गेली. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने नोव्हेंबर २०१७ मध्ये श्वेतपत्र काढले आणि दिल्ली, हैदराबाद, बंगळूर व मुंबई येथे बैठका घेतल्या. २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले, तिने ८१ दुरुस्त्या सुचविल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते मागे घेतले. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या मसुद्यावर सूचना मागविताना इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने त्या विश्वस्ताच्या नात्याने जपल्या जातील, उघड केल्या जाणार नाहीत, असे कळविले. लोकांनी मोकळेपणाने लिहावे, हे त्यामागचे कारण दिले गेले. पण त्यामुळे हजारो अभिप्रायांपैकी कोणता कोठे मुरला हे बाहेरून कळायला मार्ग उरला नाही. कायदा झाल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या नियमांच्या मसुद्यालाही हीच अट होती. पत्ते झाकून मजकूर छापणे हा मधला उपाय दोन्ही वेळा हाताशी होता.

क्वचित मुदत संपायचीही वाट पाहावी लागत नाही. सप्टेंबर २०१५ मधील कूटलेखन (संदेश सांकेतिक रूपात बदलण्याच्या तंत्राविषयीच्या) धोरणाच्या मसुद्यात सांकेतिक संदेशांची साधी प्रत ९० दिवस जपण्याची अपेक्षा नागरिकांकडूनही होती. ओरड झाली आणि मसुदा काही दिवसांतच मागे घेतला गेला.

मंजुरीनंतरच्या अंमलबजावणीवर हरकती मागविण्याची सोय जवळपास नाही. राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाचा मसुदा मे २०१८ मध्ये आला, सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने धोरण मंजूर केले. प्रत्येक ग्रामपंचायतीला २०२० पर्यंत १ गिगाबिट आणि २०२२ पर्यंत १० गिगाबिट वेगाची जोडणी, हे त्यातले एक उद्दिष्ट. ज्या प्रकाशतंतू (ऑप्टिकल फायबर) जाळ्यावर ते विसंबून होते त्याला (आताचे भारतनेट) ऑक्टोबर २०११ मध्येच मान्यता मिळाली होती आणि सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. पहिल्या टप्प्यातील एक लाखाचा आकडा गाठायला डिसेंबर २०१७ उजाडला. मुदती पुढे सरकल्या त्या सरकारी निर्णयांनी. डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याच्या बोलीवर. कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी सुरू होतात.