सापेरावी चाखण्यापूर्वी

सापेरावी हे जॉर्जिया देशातलं काळं द्राक्ष. त्याची लागवड मुख्यतः पूर्वेकडच्या काखेती भागात होते. लाल वाइनच्या बहुतेक द्राक्षांचा गर फिकट असतो आणि रंग सालीतून उतरतो. सापेरावीचा गरसुद्धा लाल. त्यामुळे ही वाइन पेल्यात इतकी गडद दिसते की नवखा माणूस घोट घेण्याआधीच ‘फार कडक असणार’ असं ठरवून टाकतो. रंगावर जाऊ नका. हिची खरी ओळख आंबटपणात आहे.

जीभ तयार करायला आम्ही ही बाटली मुद्दाम सुचवतो. आंबटपणा आणि तुरटपणा यांची सुरुवातीला हमखास गल्लत होते, आणि इथे दोन्ही ठसठशीत असतात. छोटा घोट तोंडभर फिरवा, मग गिळा किंवा थुंका. (थुंकण्यात संकोच नको, वाइन चाखणं हा ज्यांचा पेशा आहे तेही थुंकतातच.) आता जरा थांबा. तोंडाला पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कडक कोऱ्या चहानंतर होते तशी खरखरीत झाली, तर तो तुरटपणा, आणि तो देणारा द्राक्षातला घटक म्हणजे टॅनिन. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडातला बुळबुळीतपणा जातो. शेजारी पिनो न्वार या हलक्या लाल वाइनचा पेला ठेवलात तर फरक चटकन कळेल.

वासाबद्दल लिहिताना जाणकार ब्लॅकबेरी, काळी चेरी, ज्येष्ठमध अशी नावं घेतात. ब्लॅकबेरी कधी खाल्लीच नसेल तर तिचा वास शोधत बसू नका. तुम्हाला जे आठवेल तेच वहीत लिहा.

लेबल मात्र नीट वाचा. मुकुझानी नावाची वाइन कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली असते, तर किंदझ्मराउली नावाची अर्धगोड. दोन्ही सापेरावीच्याच, पण गोडवा आला की आंबटपणा झाकला जातो, म्हणून सरावासाठी कोरडी घ्या. ‘क्वेव्री’ लिहिलं असेल तर वाइन जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात तयार झालेली आहे. या पद्धतीची युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

वाइन 16 ते 18 अंश सेल्सिअसला प्या. जास्त गार झाली तर तुरटपणा अंगावर येतो. बाटली तासभर आधी उघडा. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखून कालच्या नोंदीशी ताडून पाहा.