उल्कावर्षावाने रात्रीचा दिवस होतो का?

‘आज रात्री उल्कांचा असा पाऊस पडेल की रात्रीचा दिवस होईल, पुन्हा ९६ वर्षांनीच!’ तारीख बदलून हा निरोप फिरत राहतो.

उल्कावर्षाव खरा आहे, पण तो दरवर्षीचा. धूमकेतूंनी, क्वचित लघुग्रहांनी, मागे सोडलेल्या धुळीतून पृथ्वी दरवर्षी साधारण त्याच तारखांना जाते. हे कण बहुतेक वाळूएवढे. सुमारे १०० किलोमीटर उंचीवर क्षणभर चमकून विझतात. एखादी उल्का डोळे दिपवते, पण तेवढ्यापुरतीच; रात्रीचा दिवस होत नाही.

ऑगस्टमधला, ययाती या तारकासमूहातून येताना दिसणारा वर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांतच जातो. पडताळा घ्यायचा तर मिथुन राशीतल्या वर्षावाची, १३-१४ डिसेंबरची रात्र धरा. आधी दिनदर्शिकेत पौर्णिमा जवळ नाही ना, ते बघा. रात्री दहानंतर गावाबाहेर सतरंजी टाकून आडवे व्हा. दुर्बीण नको, मोबाइल तर नकोच. डोळ्यांना अंधार सरावायला वीसेक मिनिटं लागतात. मग तासभर मोजा. चांगल्या अंधारात मिनिटाला एखादी दिसली तरी भरपूर. शहराच्या गच्चीवरून मोजक्याच. प्रत्येक उल्केची रेघ मनातल्या मनात मागे न्या, बहुतेक पुनर्वसूच्या जोडताऱ्यांजवळ येऊन भेटतील.